चौघांच्या सह्यांचा कागद

अंतिम वर्षाचे वर्ग सुरू झाले की सोलापुरातल्या झेरॉक्सच्या दुकानांत एका कागदाची वर्दळ वाढते. चार-पाच पानं, डाव्या कोपऱ्यात स्टेपलरची पिन, वर इंजिनिअरिंग कॉलेजचं नाव. त्याखाली विषयाचं शीर्षक, चौघांची नावं आणि रोल नंबर, मार्गदर्शकांचं नाव. मग ठरलेले मथळे येतात: विषयाचं औचित्य, सध्याची पद्धत, नियोजित काम, कामाचे टप्पे, उपलब्ध साधनं, काम पूर्ण होण्याची तारीख आणि सगळ्यात शेवटी अंदाजे खर्च. खाली चौघांच्या सह्या. गाइडची सही झाली की कागद विभागप्रमुखांच्या टेबलावर जातो. ‘प्रकल्प प्रस्ताव’ हा शब्द फार तर सूचनाफलकावर दिसतो. मुलं, सर, झेरॉक्सवाले, सगळे त्याला सिनॉप्सिसच म्हणतात.

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत विद्यार्थी शेकडो पानं लिहितो. जर्नलं, असाइनमेंट, उत्तरपत्रिका. त्या सगळ्यांत प्रश्न दुसऱ्या कुणीतरी घातलेला असतो आणि उत्तरही कुठेतरी तयार असतं. सिनॉप्सिसमध्ये प्रश्नसुद्धा त्यालाच शोधावा लागतो. तो सोडवायला किती दिवस आणि किती पैसे लागतील, हे आधी सांगावं लागतं. आणि हे एकट्यानं करून चालत नाही, आणखी तिघांना ते पटावं लागतं. बावीस वर्षांच्या मुलामुलींसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. म्हणूनच कॉलेजच्या कपाटात वर्षानुवर्षं धूळ खात पडलेल्या या कागदाकडे थोडं थांबून पाहायला हवं.

सोलापूरला मोठ्या कामांच्या बेतांची ओळख कॉलेजं येण्याच्या पुष्कळ आधीपासून आहे. परंपरा तर गावाच्या मोठेपणाची सुरुवातच अशा एका कामाशी जोडते. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी शिष्यांना आणि गावकऱ्यांना हाताशी धरून तळं खोदलं, असं सोलापूरकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते ती त्याच सिद्धेश्वरांची.

आकड्यांनी भरलेला, सहीशिक्क्याचा प्रस्ताव मात्र इंग्रजी अमदानीतला. १८५४ साली लॉर्ड डलहौसीच्या काळात सार्वजनिक बांधकाम खात्याची नव्यानं घडी बसली. त्याच वर्षी पुण्यात या खात्याला हाताखालची माणसं पुरवण्यासाठी इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. पुढे त्याचंच पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय झालं. खात्याचा सगळा कारभार दोन शब्दांवर चालायचा: प्लॅन आणि एस्टिमेट. जागेची मोजणी करायची, नकाशा काढायचा, माती-दगड-चुन्याचा हिशेब मांडायचा आणि मंजुरीसाठी वर पाठवायचा. आजच्या सिनॉप्सिसमधलं ‘अंदाजे खर्च’ हे शेवटचं कलम थेट त्या एस्टिमेटच्या वंशातलं आहे.

सोलापूरच्या ईशान्येला काही मैलांवर अशाच एका एस्टिमेटमधून उभं राहिलेलं काम आजही पाण्यानं भरतं. अधिला नदीवरचा एकरुख तलाव, ज्याला शहरातले लोक हिप्परग्याचा तलाव म्हणतात. १८६६ मध्ये काम सुरू झालं आणि १८७१ मध्ये संपलं. बेत होता लष्करी अभियंता फाइफ यांचा. खडकवासल्याच्या जलाशयाला एकेकाळी ज्यांच्या नावानं ‘लेक फाइफ’ म्हणत, तेच हे. मातीचा लांबलचक बांध, पाऊस कमी आणि बेभरवशाचा, नदी वर्षातले बरेच महिने कोरडी. अशा मुलखात पाणी साठेल, हे आधी कागदावर पटवून द्यावं लागलं होतं. आज तुळजापूर रस्त्यानं तळे हिप्परग्याकडे निघालं की वाटेत इंजिनिअरिंगचं एक कॉलेज लागतं. तिथल्या सिव्हिलच्या मुलांना दीडशे वर्षांपूर्वीचा मंजूर झालेला प्रस्ताव पाहायला फार लांब जावं लागत नाही.

तलावापेक्षाही बोलका दाखला बार्शी लाइट रेल्वेचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली, पण बार्शी बाजूला राहिली. बार्शी ही कापसाची मोठी बाजारपेठ. तिथला माल बैलगाड्यांनी सुमारे पस्तीस किलोमीटर दूर बार्शी रोड स्टेशनवर, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, न्यावा लागे. त्याच रेल्वेत नोकरी करणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याला इथे अडीच फुटी अरुंद रुळांची गाडी दिसू लागली. अरुंद गाडी म्हणजे खेळण्यातली गाडी, तिच्यानं जड माल ओढवणार नाही, अशी तेव्हाची सार्वत्रिक समजूत. कॅलथ्रॉपचं म्हणणं साधं होतं. इंजिन असो, डबा असो की वाघीण, प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही अशीच सगळी गाडी बांधायची. भार सारखा वाटला की हलके रूळही पुरतात, आणि हलके रूळ पुरले की खर्च आवाक्यात येतो.

सरकारच्या गळी हे उतरवायला त्याला वर्षं लागली. तो नुसत्या कागदावर थांबला नाही. गाड्या हिंदुस्थानात येण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीचा मार्ग टाकून त्यानं त्या जाणकारांना चालवून दाखवल्या. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली आणि वारकऱ्यांच्या कैक पिढ्या तिच्यातून पंढरीला पोचल्या. हाच कॅलथ्रॉप नंतर वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्याच्या मागे लागला. इथे लक्षात ठेवायचं ते त्याच्या मांडणीचं वळण. त्यानं अडचण बार्शीच्या बाजारात पाहिली, एकच नेमकी कल्पना धरली, तिच्यापासून खर्चापर्यंत सरळ वाट काढली आणि नमुना चालवून दाखवला. एखाद्या गाइडनं प्रस्ताव कसा असावा हे शिकवायला सोलापूर जिल्ह्याबाहेर जाण्याचं कारण नाही.

या रेल्वेच्या वाढीव मार्गानं आणखी एक गोष्ट घडवली. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचाच. घरचा धंदा सावकारीचा आणि कापसाचा. शिक्षणासाठी मुंबईला आणि पुण्याला गेले, पण पदवी पुरी न करताच परतले. पेढीवर मन रमेना. तेव्हा त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक रेल्वेत कारकुनी केलेले. ठेकेदारीची भाषा, टेंडर कसं भरतात, मजूर कसे लावतात, हे त्यांना ठाऊक. भांडवल आणि पत वालचंदांची. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या सात मैलांच्या कामाचा ठेका घेतला. सात मैल म्हणजे काही फार नाही. पण पुढे हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, १९४० मध्ये बंगळूरचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची जहाजगोदी, प्रीमियर ऑटोमोबाइल्स असा जो पसारा उभा राहिला, त्याची पहिली पायरी हे सात मैल होते. एकाकडे पैसा आणि दुसऱ्याकडे कामाची जाण. दोघांपैकी एकट्याला तो ठेका पेलला नसता. आज सोलापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजवर ज्यांचं नाव आहे ते वालचंद शेठ स्वतः अभियंते नव्हते. पण माणसं जोडून काम मांडायचं कसं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

कॉलेजातल्या ‘प्रोजेक्ट’ची कुळकथा वेगळी, आणि ती युरोपातून येते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रोममधल्या कलाअकादमीत वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्षात न बांधायच्या इमारतींचे आराखडे काढायला लावत आणि त्यांच्या स्पर्धा घेत. त्या आराखड्यांना म्हणत ‘प्रोजेत्ती’. पुढे पॅरिसच्या अकादमीनं ती रीत उचलली. एकोणिसाव्या शतकात ती अमेरिकेतल्या इंजिनिअरिंगच्या शाळांत पोचली. इलिनॉयमध्ये स्टिलमन रॉबिन्सन हे प्राध्यापक विद्यार्थ्यांना सांगत, की ड्रॉइंग बोर्डवर जे काढलंत ते वर्कशॉपमध्ये जाऊन स्वतःच्या हातानं घडवून दाखवा. तेव्हाही काम बहुतेक एकट्याचंच असे.

गटाची रीत आणि बाहेरच्या माणसाचा खरा प्रश्न या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. कॅलिफोर्नियातल्या हार्वे मड कॉलेजनं १९६३ मध्ये ‘इंजिनिअरिंग क्लिनिक’ सुरू केलं. वैद्यकीच्या विद्यार्थ्याला जसा खरा रोगी पाहावा लागतो, तसा अभियंत्यालाही खरा प्रश्न पाहायला मिळाला पाहिजे, ही त्यामागची धारणा. कंपन्यांनी आपल्या अडचणी घेऊन यायचं, खर्च द्यायचा, आणि मुलांच्या गटानं वर्षभर त्यावर काम करायचं. आपल्याकडे ‘स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट’ म्हणतात, त्याची ही जन्मकथा.

सोलापुरात मात्र साठच्या आणि सत्तरच्या दशकांत पदवीचं इंजिनिअरिंग शिकण्याची सोयच नव्हती. डिप्लोमासाठी सरकारी तंत्रनिकेतन होतं. पदवी हवी तर ट्रंक उचलून पुणे, मुंबई, कराड नाहीतर सांगली गाठायची. सांगलीचं कॉलेज १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांनी सुरू केलेलं. १९५५ मध्ये त्याला वालचंदांचं नाव मिळालं. म्हणजे वालचंदांच्या गावचा मुलगा वालचंदांच्या नावाच्या कॉलेजात शिकायला दुसऱ्या जिल्ह्यात जात होता.

१९८३ मध्ये हे बदललं. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि राज्यभर कॉलेजं निघाली. त्या निर्णयाबद्दल मतं अनेक आहेत, फीच्या अंगानं तक्रारीही खऱ्या आहेत. पण सोलापूरसारख्या गावाला त्यानं जे दिलं ते मोलाचं होतं. १८८५ पासून शिक्षणाचं काम करत आलेल्या श्री ऐलक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेनं त्याच वर्षी अशोक चौकात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू केलं. घरोघरी त्याचं नाव झालं ‘डब्ल्यूआयटी’. विणकरांच्या, गिरणी कामगारांच्या, विडी वळणाऱ्या बायकांच्या घरातली मुलं आता घरी जेवून इंजिनिअरिंगला जाऊ शकत होती. पुढे १९९८ मध्ये पंढरपूरजवळ गोपाळपूरला स्वेरी या संस्थेचं कॉलेज आलं, मग तळे हिप्परगा, केगाव अशी भर पडत गेली.

विद्यापीठ तेव्हा कोल्हापूरचं. शिवाजी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात अंतिम वर्षाला प्रोजेक्ट होता आणि तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक येत. ‘एक्सटर्नल कोण?’ हा प्रश्न विषयाइतकाच महत्त्वाचा असे. त्या काळातला सिनॉप्सिस टाइपरायटरवर उतरायचा. कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून देणाऱ्याला ‘मायक्रोप्रोसेसर’ हा शब्द अक्षर-अक्षर सांगावा लागे. चूक झाली की पांढरा द्राव लावून पुन्हा ठोकायचं. ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढायचं आणि त्याच्या अमोनिया प्रिंट घ्यायच्या. त्या वासाची आठवण अजून कित्येकांच्या नाकात आहे. नंतर डीटीपी आलं, फ्लॉपी आली, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची करकर आली. मथळे तेवढे तसेच राहिले. २००४ मध्ये एकाच जिल्ह्यापुरतं सोलापूर विद्यापीठ झालं, २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं, तरी सिनॉप्सिसचा सांगाडा फारसा हलला नाही.

विषय कुठून येतात? एका जिल्ह्याला पुरून उरतील एवढे प्रश्न इथे आहेत. उजनीचं पाणी शंभराहून अधिक किलोमीटरच्या जलवाहिनीतून शहरात येतं, तरी वर्षानुवर्षं ते नळाला चार-पाच दिवसांआडच येत आलं. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून केगावला आहे, आणि बागायतदार मात्र तेल्या रोगानं आणि प्रतवारीनं हैराण. आषाढीला पंढरपुरात लाखोंची गर्दी. चिंचोळी आणि अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतींत कॅमशाफ्टपासून मोटरींपर्यंत कारखाने. आणि शहराच्या पूर्व भागात, गल्लीगल्लीतून, यंत्रमाग.

यंत्रमागाच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की आधी कळतं ते हे, की इथे बोलता येत नाही. माग आपटतात, जमीन थरथरते, बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. ताण्याच्या उभ्या सुतांमधून धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो. धोट्याच्या पोटात कांडी, कांडीवर बाण्याचं सूत. मधेच सूत तुटलं किंवा कांडी संपली तर माग तत्काळ थांबला पाहिजे, नाहीतर धोटा रिकामाच पळत राहतो आणि चादरीत खोट पडते. त्यासाठी मागाच्या एका बाजूला एक छोटा काटा असतो. बाण्याचं सूत समोर असलं की ते या काट्याला उचलतं. सूत नसलं की काटा उचलला जात नाही, मग मागून येणारा हातोडा त्याचं शेपूट पकडून ओढतो आणि माग बंद पडतो. वीज नाही, सेन्सर नाही, नुसत्या लोखंडाची ही हुशारी शंभर वर्षांहून जुनी आहे. तिच्यात एकच उणीव. काटा एकाच बाजूला असल्यामुळे तो दर दोन फेऱ्यांतून एकदाच सूत तपासतो.

आता एखादा इलेक्ट्रॉनिक्सचा गट ठरवतो, की या काट्याच्या जागी प्रकाशाचा सेन्सर बसवायचा आणि ८०५१ मायक्रोकंट्रोलरकडून माग थांबवायचा. कागदावर कल्पना नेटकी दिसते. ‘सध्याची पद्धत’ या मथळ्याखाली चार ओळी पुस्तकातून उतरवल्या जातात. पण शेडमध्ये जाऊन विणकराशी बोललं तर तो हवेकडे बोट दाखवतो. हवेत रुईचे बारीक तंतू सतत उडत असतात, ते दोन दिवसांत सेन्सरच्या डोळ्यावर बसतात, आणि मग सेन्सरला सूत असूनही दिसत नाही. माग उगाच थांबला की विणकराचं नुकसान, कारण त्याची मजुरी विणलेल्या मालावर. हे कळल्यावर सिनॉप्सिस बदलतो. सेन्सर पुसण्याची सोय येते, किंवा मूळ काटा ठेवून त्याच्या हालचालीवरच नजर ठेवायची कल्पना येते. पहिल्या कल्पनेपेक्षा ही दुसरी कितीतरी चांगली, कारण ती शेडमधून आलेली असते.

आणि इथेच चौघांचा गट का हवा, हे उघड होतं. पूर्व भागात पुष्कळ घरांत तेलुगू बोलतात. पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हा धंदा इथे रुजवला. गटात त्या घरातली एक मुलगी असली तर तिच्याशी विणकर मोकळेपणानं बोलतो. मागावर रोजचं काय बिघडतं, मालकाला काय सांगत नाही, कोणती दुरुस्ती तो स्वतःच तारेनं करून टाकतो, हे तिला कळतं. दुसऱ्याला सर्किट जमतं, तिसऱ्याचा हात वर्कशॉपमध्ये चालतो, चौथा लिहितो आणि हिशेब ठेवतो. कानडी, मराठी, तेलुगू, दखनी अशा चार बोलींच्या या शहरात चांगला गट म्हणजे बहुधा दोन-तीन भाषांचा गट. फाटक आणि वालचंद यांची जोडी आठवावी ती इथे.

पण नेमकी याच ठिकाणी व्यवस्था आडवी येते. गट पडतात ते शाखेनुसार. मेकॅनिकलचे मेकॅनिकलमध्ये, इलेक्ट्रॉनिक्सचे इलेक्ट्रॉनिक्समध्ये, सिव्हिलचे सिव्हिलमध्ये. परीक्षा, गुण, मार्गदर्शक, सगळं शाखेच्या भिंतींत. माग मात्र शाखा पाहून बिघडत नाही. तो थांबवायला लोखंड कळणारा आणि सर्किट कळणारा असे दोघेही हवेत. हार्वे मडला शाखांच्या भिंती नाहीत, तिथे एकच सामाईक इंजिनिअरिंगची पदवी मिळते. त्यामुळे गट प्रश्न पाहून बनवता येतो. आपल्याकडे अलीकडच्या शैक्षणिक धोरणात आंतरशाखीय कामाची भाषा आली आहे. ती भाषा वेळापत्रकात, गुणपत्रिकेत आणि गाइडच्या कामाच्या तासांत उतरली, तर सोलापूरचे माग तिची वाट पाहत आहेत.

२०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन करारात पूर्ण सदस्य म्हणून आला. अभियांत्रिकी पदव्या एकमेकांना मान्य करणाऱ्या देशांचा हा करार. पदवीधराच्या अंगी कोणते गुण हवेत याची त्यात यादी आहे आणि संघात काम करता येणं हा त्यातला एक गुण. त्यानंतर कॉलेजांत प्रोजेक्टचं मूल्यमापन रकान्यांत मांडलं जाऊ लागलं. विषय निवडीला इतके गुण, सादरीकरणाला इतके, गटातल्या वाट्याला इतके. २०१८ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं आदर्श अभ्यासक्रम आखताना पदवीचा भार १६० क्रेडिटांवर आणला आणि प्रत्यक्ष कामाला जागा करून दिली. २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन सुरू झाली. सहा जणांचा संघ, त्यात किमान एक मुलगी असलीच पाहिजे हा नियम, आणि प्रश्न मंत्रालयांनी आणि खात्यांनी दिलेले. त्या एका नियमानं किती मुलींना संघात हक्काची जागा मिळाली असेल! पण प्रश्न दिल्लीहून आला, तो शोधण्याचं काम त्यातून निसटलं. २०१६ मध्ये आयआयटी मुंबईतल्या मंडळींच्या पुढाकारानं आकाराला आलेलं उन्नत महाराष्ट्र अभियान या बाबतीत जास्त जवळचं वाटतं. आपल्याच जिल्ह्यातली नळपाणी योजना का अडली, एसटीचं वेळापत्रक का जमत नाही, याची पाहणी कॉलेजच्या मुलांनी करावी, असा त्याचा रोख होता.

एक दुखणं मात्र स्पष्ट बोलायला हवं. तयार प्रोजेक्ट विकत मिळतात. पुण्या-मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारांत, आणि आता इंटरनेटवरही, शीर्षक निवडा, पैसे भरा, सर्किट, कोड, अहवाल आणि सिनॉप्सिस असं सगळं पुडक्यात घेऊन जा. एकाच विषयाचे प्रस्ताव दरवर्षी वेगवेगळ्या कॉलेजांत त्याच शब्दचुकांसह फिरतात. यात मुलांनाच दोष देऊन भागणार नाही. एका गाइडकडे अनेक गट, अर्धं वर्ष परीक्षांत गेलेलं, आणि घरून फी भरताना दमछाक झालेला बाप. तरीही या खरेदीत मुलांच्या हातून जातो तो नेमका तोच एक कागद, ज्यात पहिल्यांदा त्यांचा स्वतःचा प्रश्न लिहायचा होता. हे नुकसान गुणपत्रिकेत दिसत नाही, म्हणून ते लहान ठरत नाही.

उलट बाजूचा दाखला पुण्याचा आहे. तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी २००८ च्या सुमारास एक लहानसा उपग्रह बनवायचा बेत मांडला. वजन सुमारे एक किलो. नाव ‘स्वयम्’. अवकाशात गेल्यावर तो स्वतःला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेणार, तेही चुंबकाच्या साह्यानं, विजेची मोटर न वापरता. इस्रोनं ऐकून घेतलं. पण काम एका वर्षात होणारं नव्हतं. बेत मांडणारी मुलं पदवी घेऊन गेली, मागच्या वर्गातल्यांनी तो पुढे नेला, मग त्यांच्या मागच्यांनी. २२ जून २०१६ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही सी-३४ नं तो सोडला तेव्हा पहिली सही करणारे केव्हाच नोकरीधंद्याला लागले होते. सोलापुरातही प्रस्ताव असे एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे सोपवता आले पाहिजेत. मागाच्या काट्याचा प्रश्न किंवा नळाच्या पाण्याचा प्रश्न एका मार्चमध्ये सुटणारा नाही. पण आज बहुतेक काम तोंडी परीक्षा झाल्यावर सोनेरी अक्षरांच्या काळ्या बांधणीत बंद होतं, आणि पुढच्या वर्षीचा गट पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करतो.

पूर्व भागातल्या शेडमध्ये मुलं सिनॉप्सिस घेऊन जातात तेव्हा कारखानदार तो कागद कसा वाचतो, हे पाहण्यासारखं असतं. बाहेरच्या ओट्यावर, माग जरा कमी ऐकू येतात अशा जागी, तो बसतो. चहा मागवतो. शीर्षक वाचत नाही, औचित्य वाचत नाही, चौघांच्या सह्यांवर नजर फिरवतो आणि सरळ शेवटचं पान उघडतो. अंदाजे खर्चाच्या आकड्यावर बोट ठेवून विचारतो, “हे एका मागाचं झालं. माझ्याकडं बारा आहेत. बारांचं किती होईल ते सांगा की.”

मुलं एकमेकांकडे पाहतात. सेन्सर बारा लागतील, पण कंट्रोलरही बारा लागतील का, की एकच पुरेल? वायर किती? शेडमध्ये ती उंदरांपासून कशी वाचवायची? एकानं वही काढलेली असते. मुलगी तेलुगूत विणकराला काहीतरी विचारते, तो हातानं भिंतीची लांबी दाखवतो. चहा संपतो. परत येताना दोन गाड्यांवर चौघं, आणि अशोक चौकाच्या सिग्नलला थांबलेले असतानाही हिशेब चालूच असतो. रात्री शेवटचं पान पुन्हा टाइप होतं.